विज्ञानाची उघडी वही : मुक्तस्रोत साधने आणि डेटा-विश्लेषण

दुर्बीण, जनुकवाचक यंत्र, भूकंपमापक किंवा हवामान उपग्रह यांच्याकडून संशोधकाच्या हाती पडतात ते आकड्यांचे ढीग. त्यात उपकरणाचा गोंगाट असतो, चुकलेल्या नोंदी असतात आणि कुठेतरी दडलेली हवी ती खूणही असते. ती खूण शोधून तिच्यावर किती विश्वास ठेवावा हे ठरवण्याच्या कामाला डेटा-विश्लेषण म्हणतात. हे काम संगणकाच्या आज्ञावलीकडून करून घेतले जाते. त्यामुळे आज्ञावली चुकली की निष्कर्षही चुकतो, आणि आज्ञावली कुणाला दिसतच नसेल तर निष्कर्ष तपासणेही जवळजवळ अशक्य होते.

मुक्तस्रोत, म्हणजे ओपन सोर्स, साधनांचे संशोधनातले महत्त्व इथून सुरू होते. ज्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर कुणालाही वाचता येतो, कोणत्याही कामासाठी वापरता येतो, बदलता येतो आणि बदललेला इतरांना देता येतो, ते मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. ही मुभा परवान्यात लिहिलेली असते. अशी बहुतेक साधने फुकट मिळतात आणि कमी निधीच्या महाविद्यालयाला त्याचा मोठा आधार होतो. पण विज्ञानाच्या दृष्टीने किमतीपेक्षा पारदर्शकता मोलाची. वैज्ञानिक दावा इतरांना पडताळता आला पाहिजे, हा जुना नियम आहे. आकडेमोड हाच प्रयोगाचा भाग झाल्यावर तो नियम आकडेमोडीलाही लागू होतो.

साधने कशी घडली

मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ विज्ञानापेक्षा संगणकक्षेत्रातल्या वादातून उभी राहिली. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत काम केलेल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'जीएनयू' प्रकल्प जाहीर केला. १९८९ मध्ये त्यांचा 'जीपीएल' परवाना आला, १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला, आणि 'ओपन सोर्स' हा शब्द १९९८ मध्ये रूढ झाला. याच काळात संशोधकांची स्वतःची साधनेही आकार घेत होती.

संख्याशास्त्राच्या क्षेत्रात बेल लॅब्जमध्ये १९७६ पासून जॉन चेंबर्स आणि त्यांचे सहकारी 'एस' ही भाषा घडवत होते. तिच्या धर्तीवर न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातले रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी 'आर' ही भाषा तयार केली. १९९५ मध्ये ती जीपीएल परवान्याखाली खुली झाली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.० आवृत्ती आली. 'आर'चे बळ तिच्या पूरक संचांत आहे. 'क्रॅन' या मध्यवर्ती भांडारात आज असे वीस हजारांहून अधिक संच आहेत. साथरोगांपासून शेतीच्या प्रयोगांपर्यंत जवळपास प्रत्येक विषयातल्या संशोधकाने आपली पद्धत तिथे इतरांसाठी ठेवली आहे. जनुकशास्त्रासाठी 'बायोकंडक्टर' हे वेगळे भांडार २००१ मध्ये सुरू झाले.

पायथनची वाट वेगळी. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये गुइदो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात या भाषेचे काम हाती घेतले आणि १९९१ मध्ये ती प्रसिद्ध केली. ती सर्वसाधारण वापराची, वाचायला सोपी भाषा होती. मोठ्या गणितासाठी मात्र संथ होती. हा अडथळा संशोधकांनीच दूर केला. १९९५ मध्ये जिम ह्यूगुनिन यांनी 'न्यूमेरिक' हा संच लिहिला. पुढे हबल दुर्बिणीचे काम पाहणाऱ्या संस्थेत 'नमअरे' हा दुसरा संच तयार झाला आणि वापरकर्ते दोन गटांत विभागले गेले. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी दोन्हींतले गुण एकत्र आणले आणि २००६ मध्ये 'नमपाय'ची १.० आवृत्ती आली.

नमपायची युक्ती समजायला सोपी आहे. लाखो आकडे स्मृतीत एकमेकांना लागून, एकाच प्रकारात मांडले जातात. 'या सगळ्यांना दोनने गुणा' अशी आज्ञा पायथनमध्ये एका ओळीत लिहिली जाते. प्रत्यक्ष गुणाकार मात्र आतून सी भाषेत लिहिलेली वेगवान आज्ञावली करते. लिहिणे सोपे राहते आणि वेगही मिळतो. समीकरणे सोडवणे, संकलन, लहरींचे पृथक्करण अशा गणितांसाठी 'सायपाय' २००१ पासूनच उपलब्ध होते. तक्त्यांच्या हाताळणीसाठी वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये 'पांडाज'चे काम सुरू केले. यंत्रशिक्षणासाठी 'सायकिट-लर्न' आणि खगोलशास्त्रासाठी 'अ‍ॅस्ट्रोपाय' ही साधनेही नमपायच्या पायावर उभी आहेत.

यातली कित्येक साधने संशोधकांच्या अडचणीतून जन्मली. जॉन हंटर हे मेंदूविज्ञानाचे संशोधक अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युतसंकेत अभ्यासत होते. त्यांच्या प्रयोगशाळेकडे संबंधित व्यापारी सॉफ्टवेअरचा एकच परवाना होता आणि तो चालू करण्याची हार्डवेअर-किल्ली विद्यार्थी व संशोधक आळीपाळीने वापरत. ही कोंडी फोडताना त्यांनी आलेख काढण्याचा 'मॅटप्लॉटलिब' हा संच लिहिला आणि २००३ मध्ये तो खुला केला. शोधनिबंधांतले असंख्य आलेख आज याच संचातून निघतात. कोलोराडो विद्यापीठात भौतिकशास्त्राची पीएचडी करणारे फर्नांदो पेरेझ यांनी २००१ मध्ये 'आयपायथन' लिहिले, तेव्हा ते अवघ्या २५९ ओळींचे होते. त्यातून पुढे 'ज्युपिटर नोटबुक' घडले. त्यात स्पष्टीकरणाचा मजकूर, आज्ञावली, आकडे आणि आलेख एकाच पानावर क्रमाने येतात. वाचणाऱ्याला प्रत्येक पायरी पाहता येते आणि स्वतः चालवूनही बघता येते. ज्युपिटरच्या निर्मात्यांना २०१७ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार मिळाला.

एका शोधाची आकडेमोड

ही साधने प्रत्यक्ष काय करतात, हे गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या शोधातून चांगले कळते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी, भारतीय वेळेनुसार दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी, अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेच्या दोन्ही उपकरणांवर एक क्षीण संकेत उमटला. आधी तो लुइझियाना राज्यातल्या लिव्हिंगस्टन इथे नोंदला गेला आणि सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्ड इथे. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. त्यातून अवकाशात उठलेल्या कंपनाने, म्हणजे गुरुत्वीय लहरीने, लायगोच्या चार किलोमीटर लांब भुजांत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षा कित्येक पटींनी लहान होता. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी शोध जाहीर झाला आणि त्याच सुमारास संकेताभोवतीचा डेटा व तो उलगडून दाखवणारे नोटबुकही सर्वांसाठी खुले करण्यात आले. ते नोटबुक पायथनमध्ये, नमपाय, सायपाय आणि मॅटप्लॉटलिब वापरून लिहिलेले होते. त्यातले टप्पे असे.

पहिली पायरी डेटा वाचण्याची. लायगोचे उपकरण सेकंदाला १६,३८४ नोंदी करते. खुल्या केलेल्या एका फाइलमध्ये ३२ सेकंदांचा डेटा होता, म्हणजे एका उपकरणाचे पाच लाखांहून अधिक आकडे. त्यांचा सरळ आलेख काढला तर संकेत कुठेच दिसत नाही; हळूहळू वरखाली होणारी मोठी डोलणारी रेघ तेवढी दिसते.

दुसऱ्या पायरीत हा गोंगाट कोणत्या वारंवारतेचा आहे ते शोधले जाते. यासाठी फूरिए रूपांतर हे गणित वापरतात. गुंतागुंतीच्या लहरीत कोणत्या वारंवारतेचा वाटा किती, हे त्यातून कळते. १९६५ मध्ये जेम्स कूली आणि जॉन ट्युकी यांनी प्रसिद्ध केलेल्या जलद रीतीमुळे ते संगणकाला झटपट करता येते. लायगोच्या बाबतीत कमी वारंवारतेला जमिनीचे हादरे वरचढ असतात. ६० हर्ट्झला अमेरिकेतल्या वीजपुरवठ्याचा टोकदार सुळका दिसतो, तर ५०० हर्ट्झच्या आसपास आरसे टांगलेल्या धाग्यांची कंपने दिसतात. वरच्या टोकाला लेसरच्या प्रकाशकणांचा स्वतःचा चढउतार असतो.

तिसऱ्या पायरीत प्रत्येक वारंवारतेचा भाग तिथल्या गोंगाटाच्या प्रमाणात कमी केला जातो, म्हणजे ज्या पट्ट्यात गोंगाट प्रचंड त्याचा आवाज दाबला जातो. मग उपयोगाचा पट्टा तेवढा ठेवून उरलेले गाळून टाकतात. प्रसिद्ध झालेल्या आलेखांसाठी हा पट्टा ३५ ते ३५० हर्ट्झ होता. एवढे केल्यावर आलेखात एक-पंचमांश सेकंदाची लहर डोळ्यांना दिसू लागते. तिची वारंवारता ३५ हर्ट्झपासून वाढत २५० हर्ट्झपर्यंत जाते आणि मग ती विरते.

डोळ्यांना दिसले एवढ्यावर विज्ञान थांबत नाही. चौथ्या पायरीत डेटाची तुलना सिद्धांतातून काढलेल्या नमुना-लहरींशी केली जाते. किती वस्तुमानाची कृष्णविवरे विलीन झाली तर लहर कशी दिसेल, हे सापेक्षतावादाच्या समीकरणांतून आधीच काढलेले असते. असा प्रत्येक नमुना डेटावरून सरकवत नेला जातो आणि कुठे किती जुळतो ते मोजले जाते. या शोधात सुमारे अडीच लाख नमुने वापरले गेले. या पद्धतीला मॅच्ड फिल्टरिंग म्हणतात. गुरुत्वीय लहरींसाठी असे नमुने किती आणि कसे निवडावेत, याचा पाया घालणारा एक महत्त्वाचा निबंध १९९१ मध्ये बी. एस. सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर यांनी लिहिला. धुरंधर यांनी हे काम पुण्याच्या आयुका या संस्थेत पुढे अनेक वर्षे चालवले. नमुन्यांच्या आधारे शोध घेणाऱ्या आज्ञावल्यांपैकी 'पायसीबीसी' ही पायथनमधली मुक्तस्रोत आज्ञावली आज कुणालाही उतरवून घेता येते.

पाचवी पायरी सर्वांत सूक्ष्म आहे : हे जुळून येणे हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता किती? त्यासाठी एका उपकरणाचा डेटा दुसऱ्याच्या तुलनेत मुद्दाम मागेपुढे सरकवतात. दोन वेधशाळांतले अंतर प्रकाशाला कापायला सुमारे दहा सहस्रांश सेकंद लागतात. डेटा त्याहून जास्त सरकवला तर दोन्हीकडे एकाच वेळी दिसणारी कोणतीही जोडी खऱ्या लहरीची असू शकत नाही, ती योगायोगाचीच असते. अनेक वेळा वेगवेगळ्या अंतराने सरकवून असे योगायोग मोजले गेले. या संकेताइतका ठळक योगायोग दोन लाख तीन हजार वर्षांत एकदाही अपेक्षित नाही, असा निष्कर्ष निघाला. शोधाच्या दाव्यामागे खरा आधार हा आकडा होता. २०१७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक रायनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना लायगोच्या कामासाठी मिळाले.

डेटा खुला झाल्यानंतर

डेटा खुला झाला की तो विरोधकांच्याही हाती जातो. २०१७ मध्ये कोपनहेगनच्या नील्स बोर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी लायगोचा डेटा घेऊन स्वतंत्र विश्लेषण केले. संकेत वजा केल्यावर उरलेल्या गोंगाटातही दोन्ही उपकरणांमध्ये साम्य दिसते, असा त्यांचा आक्षेप होता. गोंगाट दोन्हीकडे सारखा असेल तर शोधाच्या विश्वासार्हतेवरच प्रश्न उभा राहतो. इतर संशोधकांनी आक्षेपाची एकेक पायरी पुन्हा चालवून पाहिली. डेटाच्या तुकड्याच्या कडा नीट हाताळल्या आणि सर्वांत चांगला जुळणारा नमुना वजा केला की उरलेल्या गोंगाटात असे साम्य राहत नाही, हे त्यांनी आपल्या आज्ञावलीसह दाखवले. वाद अधिकाराच्या जोरावर मिटवावा लागला नाही. दोन्ही बाजूंची आकडेमोड तिसऱ्या माणसाला ताडून पाहता येत होती.

खुल्या डेटातून नवे शोधही लागले. प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीमधला एक गट लायगोच्या यंत्रणेबाहेरचा होता. त्याने स्वतःची शोधपद्धत वापरून दुसऱ्या निरीक्षण-सत्राचा डेटा पुन्हा चाळला आणि २०१९ मध्ये कृष्णविवरांच्या आणखी सहा विलीनीकरणांचे संकेत मांडले. एकदा जमवलेला डेटा असा अनेकदा उपयोगी पडतो.

चुका कशा सापडतात

आकडेमोड झाकलेली राहिली तर काय होते, याचे अर्थशास्त्रातले उदाहरण बोलके आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या २०१० च्या निबंधाने, देशाचे सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की विकास मंदावतो, असे दाखवले होते. युरोप-अमेरिकेतल्या काटकसरीच्या धोरणांच्या समर्थनार्थ त्याचा वारंवार हवाला दिला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी त्यातले आकडे पुन्हा काढू पाहत होता, पण ते जुळेनात. लेखकांनी त्याला आपली एक्सेल फाइल दिली तेव्हा सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटल्याचे दिसले : ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क. सूत्राची चौकट काही ओळी आधीच संपत होती. त्याखेरीज काही वर्षांचा डेटा वगळण्यावर आणि देशांना दिलेल्या भारांकावरही त्याने व त्याच्या प्राध्यापकांनी आक्षेप घेतले. २०१३ च्या त्यांच्या फेरमांडणीत, अधिक कर्जाच्या गटाचा सरासरी विकासदर उणे ०.१ टक्क्याऐवजी २.२ टक्के निघाला. ही चूक सापडली ती फाइल हाती आल्यावर.

जनुकशास्त्रात एक्सेलने वेगळाच घोळ घातला. 'सेप्ट २' किंवा 'मार्च १' अशी जनुकांची इंग्रजी लघुनावे तक्त्याच्या चौकटीत टाकली की एक्सेल त्यांना तारीख समजून बदलून टाकते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक-पंचमांशांत ही चूक आढळली. अखेर २०२० मध्ये जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती जनुकेच 'सेप्टिन २', 'मार्चएफ १' अशी नव्या नावांनी नोंदवली. तक्त्यात हाताने केलेल्या बदलाचा माग राहत नाही, ही अशा तक्त्यांची मोठी उणीव. आज्ञावलीत मात्र प्रत्येक बदल लिहून ठेवलेला असतो.

मुक्तस्रोत आज्ञावली चुकत नाही असे मात्र नाही. रसायनशास्त्रात रेणूंची रचना ओळखण्यासाठी २०१४ मध्ये पायथनमधल्या काही आज्ञावल्या प्रसिद्ध झाल्या होत्या. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांना दिसले, की त्याच फाइलींवर तीच आज्ञावली वेगवेगळ्या संगणकांवर वेगवेगळी उत्तरे देते. फोल्डरमधल्या फाइलींची यादी ठरावीक क्रमाने येईल असे आज्ञावलीने गृहीत धरले होते, पण तो क्रम कार्यप्रणालीनुसार बदलतो. शंभराहून अधिक निबंधांत या आज्ञावलीचा वापर झालेला असू शकत होता. उपाय साधा होता : यादी आधी क्रमवार लावून घ्यायची. मूळ मजकूर वाचता आला म्हणूनच कारण सापडले आणि दुरुस्तीही सगळ्यांपर्यंत पोहोचली.

चांगल्या विश्लेषणाची शिस्त

अशा अनुभवांतून संशोधकांमध्ये एक कार्यपद्धती रुळत चालली आहे. मूळ डेटा जसाच्या तसा, हात न लावता जपला जातो. साफसफाई, गाळणी, गणित आणि आलेख हे सारे आज्ञावलीतून होते. त्यामुळे पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकृतीपर्यंतचा प्रवास पुन्हा चालवता येतो. यादृच्छिक आकडे वापरले असतील तर त्यांचा आरंभांक नोंदवला जातो, म्हणजे दुसऱ्यालाही तेच आकडे मिळतात.

आज्ञावलीतल्या प्रत्येक बदलाची नोंद 'गिट' या साधनात राहते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते लिनक्सच्या कामासाठी लिहिले होते. कुणी, केव्हा, कोणती ओळ बदलली हे त्यात दिसते आणि जुन्या आवृत्तीकडे परत जाता येते. आज्ञावलीच्या छोट्या चाचण्याही लिहिल्या जातात : उत्तर आधीच माहीत असलेले उदाहरण देऊन तेच उत्तर येते का हे पाहायचे. वापरलेल्या प्रत्येक संचाची आवृत्ती वेगळ्या फाइलमध्ये नोंदवतात. निबंध छापताना डेटा आणि आज्ञावली 'झेनोडो'सारख्या भांडारात ठेवली जाते. युरोपातल्या सर्न या प्रयोगशाळेने चालवलेले हे भांडार प्रत्येक ठेवीला कायमचा क्रमांक देते, त्यामुळे निबंधाप्रमाणेच आज्ञावलीचाही संदर्भ देता येतो. सोबत परवानाही लिहावा लागतो. तो नसेल तर मजकूर दिसत असूनही इतरांना तो कायदेशीरपणे वापरता येत नाही.

मर्यादा

पहिली अडचण पैशांची आणि मनुष्यबळाची. जगभरच्या विज्ञानाचा भार पेलणारी साधने बराच काळ मोजक्या स्वयंसेवकांनी सांभाळली. नमपायच्या विकासासाठी पहिले मोठे अनुदान २०१७ मध्ये मिळाले, म्हणजे ते सर्वत्र वापरात येऊन दशक उलटल्यावर. निबंध लिहिला तर संशोधकाच्या बढतीत त्याची मोजदाद होते. हजारो जण वापरतात ते सॉफ्टवेअर लिहिले तर होईलच असे नाही. ही दरी भरून काढण्यासाठी 'नमफोकस' ही संस्था २०१२ पासून अशा प्रकल्पांना आर्थिक आधार देते.

दुसरी अडचण जुने होण्याची. १ जानेवारी २०२० रोजी पायथन २ चा अधिकृत सांभाळ थांबला आणि त्यात लिहिलेल्या आज्ञावल्या नव्या रूपात आणाव्या लागल्या. आपलीच दहा वर्षांपूर्वीची आज्ञावली आज चालवून दाखवा, असे आव्हान काही फ्रेंच संशोधकांनी या सुमारास शास्त्रज्ञांना दिले होते. त्यात भाग घेतलेल्यांना हरवलेल्या फाइली आणि बंद पडलेले संच यांच्याशी झगडावे लागले.

तिसरी मर्यादा डेटाच्या स्वरूपाची. रुग्णांच्या नोंदी किंवा दुर्मीळ प्राण्यांच्या वस्तीची ठिकाणे खुली करता येत नाहीत. तिथे आज्ञावली खुली ठेवून डेटा मर्यादित लोकांना दाखवणे, किंवा बनावट नमुना-डेटा देऊन पद्धत तपासू देणे, असे मार्ग काढले जातात.

चौथी मर्यादा माणसाची. साधन सोपे झाले की शंभर प्रकारे विश्लेषण करून हवे ते उत्तर निवडण्याचा मोहही सोपा होतो. वीस निरर्थक चाचण्या केल्या तर सरासरी एक चाचणी 'पाच टक्क्यांची' प्रचलित कसोटी निव्वळ योगायोगाने पार करते. काय तपासणार हे आधी जाहीर करणे, हा त्यावरचा उपाय. तो सॉफ्टवेअर सुचवू शकत नाही. ती संशोधकाची जबाबदारी राहते.

महाराष्ट्रातील काम

या क्षेत्रात महाराष्ट्रातल्या संस्थांचा वाटा लक्षणीय आहे. नारायणगावजवळच्या खोडद इथली जीएमआरटी ही प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण जगभरचे खगोलशास्त्रज्ञ वापरतात. तिचा कच्चा डेटा म्हणजे अँटेनांच्या प्रत्येक जोडीने टिपलेल्या लहरींची तुलना. तीस अँटेनांच्या अशा ४३५ जोड्या होतात. त्यातून मोबाइल आणि इतर यंत्रांचा गोंगाट काढून आकाशाचे चित्र बनवणे हे किचकट काम असते. पुण्याच्या एनसीआरए या संस्थेतल्या संशोधकांनी त्यासाठी 'कॅप्चर' ही पायथनमधली आज्ञावली लिहिली आणि २०२१ मध्ये तिच्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. ती कुणालाही वापरता येते.

मुंबईच्या आयआयटीत केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या साहाय्याने 'फॉसी' हा प्रकल्प चालतो. महागड्या सॉफ्टवेअरऐवजी सायलॅब, पायथन, आर, ओपनफोम यांसारखी साधने महाविद्यालयांत रुजवणे हे त्याचे काम. पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे मुक्तस्रोत भाषांत लिहून काढण्याचे काम विद्यार्थ्यांकडून करून घेऊन त्याने मोठा संग्रह उभा केला आहे. तिथेच सुरू झालेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे छोटे दृक्श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतात. त्रिमितीय चित्रे काढणारे 'मायावी' हे जगभर वापरले जाणारे साधनही याच आयआयटीतले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी घडवले आहे.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जाणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. ती सुरू झाल्यावर आकाशात लहर नेमकी कुठून आली हे अधिक अचूक सांगता येईल.

त्या कामाची तयारी करण्यासाठी वेधशाळा पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नाही. २०१५ च्या त्या संकेताचा डेटा, त्याची आज्ञावली आणि ती चालवण्याची साधने आजही विनामूल्य मिळतात. साधा संगणक, इंटरनेट आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित एवढ्यावर कोणत्याही महाविद्यालयातला विद्यार्थी नोबेल मिळवून देणाऱ्या शोधाची आकडेमोड स्वतः करून तपासू शकतो.